पी.टी.चा तास

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शाळेच्या वेळापत्रकात बहुतेक विषयांना पूर्ण नाव मिळतं. मराठी, गणित, विज्ञान, इतिहास. एका विषयाच्या वाट्याला मात्र दोन अक्षरं आणि दोन टिंबं येतात : शा. शि. चौकट लहान आणि नाव लांब, हे त्याचं एक कारण झालं. दुसरं कारण तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. तो तास बहुतेक वेळा शेवटचा असतो, आणि एखाद्या विषयाचा भाग मागे राहिला की पहिला बळी त्याचाच जातो.

या विषयाच्या शिक्षकाला पिढ्यांनी निरनिराळ्या नावांनी हाका मारल्या. माझे वडील १९५० च्या सुमारास शाळेत होते. ते म्हणायचे ‘ड्रिल मास्तर’. थोरले चुलतभाऊ म्हणायचे ‘एन.डी.एस. सर’. आमच्या वेळी ते ‘पी.टी.चे सर’ झाले आणि माझ्या मुलीच्या तोंडी ‘स्पोर्ट्स टीचर’. यातल्या एन.डी.एस.चा अर्थ आज फारसा कुणाला माहीत नसतो. नॅशनल डिसिप्लिन स्कीम, म्हणजे राष्ट्रीय शिस्त योजना. आझाद हिंद सेनेतले जनरल जगन्नाथराव भोसले हे मूळचे सावंतवाडीकडचे. स्वातंत्र्यानंतर ते केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. फाळणीत घरदार गमावून दिल्लीला आलेल्या मुलांसाठी त्यांनी १९५४ साली ही योजना सुरू केली. रांगेत उभं राहणं, एका तालात पाय टाकणं, एकत्र गाणं म्हणणं. पुढे ती देशभरातल्या शाळांत गेली आणि १९६५ मध्ये राष्ट्रीय फिटनेस कोअरमध्ये विलीन झाली. मला यात लक्षात राहते ती एकच गोष्ट. ज्या मुलांच्या पायाखालची जमीन गेली होती, त्यांच्यासाठी काय करावं हा प्रश्न आला तेव्हा एका सेनानीला मैदान सुचलं.

मी कवितेचा माणूस. मैदानाकडे बघतानाही मला आधी शब्द दिसतात. ‘तालीम’ हाच शब्द घ्या. अरबीत आणि उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत आल्यावर तोच शब्द लाल मातीच्या आखाड्यात जाऊन बसला. लहानपणी माझा मोठा गोंधळ व्हायचा. घरी अब्बा म्हणायचे, “तालीम पे ध्यान दे,” आणि गल्लीतली पोरं हाक मारायची, “चल रं तालमीत.” दोघंही एकच सांगताहेत असं मला वाटायचं, आणि आता वाटतं की तेव्हा मला बरोबरच वाटत होतं. उस्तादाचा वस्ताद झाला. ‘कवायत’ म्हणजे अरबीतलं कवाइद, कायदा या शब्दाच्या भावकीतलं, नियमांचं अनेकवचन. ‘कसरत’चा मूळ अर्थ पुष्कळपणा, म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा, ढीगभर करणं. लेझीम फारशीतून आली. मुळात ती लोखंडी साखळी लावलेली कमान होती, ती ओढून ओढून दंड कमावायचे. कुस्ती, पहिलवान आणि खुद्द मैदान हे शब्दही फारशीचेच. आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून हुतूतू, खो-खो, लंगडी, आट्यापाट्या हे इथल्या मातीतले शब्द बसले आहेत. मराठी भाषेत शरीराची जी शाळा आहे तिच्या हजेरीपटावर सगळ्या आळ्यांची नावं आहेत.

शब्दांचं झालं तसंच माणसांचंही. बडोद्याला जुम्मादादा नावाचे वस्ताद होऊन गेले. त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव. जुम्मादादांची व्यायामशाळा माणिकरावांनी नावारूपाला आणली. या माणिकरावांच्या हाताखाली जगन्नाथ गणेश गुणे नावाचा तरुण तयार झाला. तेच पुढे स्वामी कुवलयानंद. त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. शाळांमधल्या शारीरिक शिक्षणाचं काय करायचं हे ठरवायला समिती बसली, तिचे अध्यक्ष कुवलयानंद. आणि १९३८ साली कांदिवलीला या विषयाचे शिक्षक तयार करणारी सरकारी संस्था सुरू झाली. आपला जिल्हा तेव्हा मुंबई प्रांतातच होता. तिकडे वऱ्हाडात अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ मध्येच हनुमान आखाड्याचं रोप लावलं होतं. तेच आजचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. या मंडळाच्या पथकानं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जगाला आपले देशी खेळ करून दाखवले. म्हणजे तालुक्याच्या शाळेतला शिट्टीवाला सर आकाशातून पडलेला नव्हता. त्याच्यामागे एवढी मोठी परंपरा उभी होती.

पण तालीम आणि तास यांत एक फरक आहे, आणि आजचं माझं सगळं बोलणं त्या फरकाविषयी आहे. तालमीत ज्याला यायचं तो येतो. ज्याच्या घरी दुभतं आहे, ज्याच्या बापाला हौस आहे, ज्याचे खांदे उपजतच रुंद आहेत, तो येतो. मुलींचा तर प्रश्नच नव्हता. शाळेतल्या तासाला मात्र हजेरीपटावर जितकी नावं तितकी सगळी येतात. जाडी, लुकडी, चष्म्याची, दम लागणारी, लाजणारी. ज्यांना आपण खेळू शकतो हे माहीतच नाही, तीही येतात.

मी अशांपैकीच एक होतो. श्रीगोंदा तालुक्यातल्या माध्यमिक शाळेत मी १९८० च्या दशकात शिकलो. जिरायती मुलूख, काष्टीचा जनावरांचा बाजार, लिंबाच्या बागा. आमच्याकडे पोरं खेळायला जमली की दोन दांडगी पोरं पुढे यायची आणि एकेक गडी वाटून घ्यायची. तू माझा, तो तुझा. शेवटी एक उरायचा. तो कुणालाच नको असायचा. मग कुणीतरी म्हणायचं, “ह्याला लिंबूटिंबू घ्या.” लिंबूटिंबू म्हणजे काय, हे श्रोत्यांना सांगायला नको. तो खेळात असतो आणि नसतोही. तो बाद झाला तरी बाद धरत नाहीत. पाचवी ते सातवी ही तीन वर्षं मी लिंबूटिंबू होतो. लिंबाच्या तालुक्यात जन्माला आल्याचं हे फळ, असं मी पुढे एका कविसंमेलनात म्हणालो तेव्हा लोक हसले होते.

आठवीत आम्हाला नवे पी.टी.चे सर आले. कांदिवलीला शिकलेले, बुटके, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. ते बूट ते स्वतः खडूनं पांढरे करायचे. पहिल्याच तासाला त्यांनी गडी वाटून घेणं बंद केलं. हजेरीचे सम नंबर इकडे, विषम तिकडे. झालं. माझा नंबर सव्वीस. वर्गातला सगळ्यात दांडगा पोरगा, ज्याच्या पाटलांच्या घरी दोन ट्रॅक्टर होते, त्याचा अठ्ठावीस. आम्ही दोघे एका बाजूला आणि बाद झालो तर दोघेही बाद. त्या दिवशी मला बाद धरलं, आणि मी घरी जाऊन अम्मीला ते आनंदानं सांगितलं. तिला काही समजलं नाही.

वर्गात आम्ही चोपन्न जण, तास पस्तीस मिनिटांचा. सर शाळा भरायच्या आधी येऊन सुतळी ताणून, खुंट्या ठोकून फक्कीनं मैदान आखायचे. फक्कीची एक गोणी वर्षभर पुरवायची असायची, म्हणून रेषा बारीक. पण सरळ. खो-खोत एका वेळी नऊ जण आखणीत असतात, आठ पाटीवर बसलेले आणि एक धावणारा. समोरच्या बाजूचे तिघे-तिघे आत येतात. बाकीच्यांनी काय करायचं? आज मी शाळांत बघतो, बाकीचे झाडाखाली बसून असतात. सर त्यांना बसू देत नसत. कुणी वेळ लावायचा, कुणी गुण मांडायचे, कुणी रेषेवर उभं राहून पाय बाहेर पडला का ते बघायचं. दर पाच मिनिटांनी सगळे बदलायचे. तीस-पस्तीस मिनिटांत चोपन्न पोरांच्या अंगाला घाम आलेला असायचा, आणि चोपन्न पोरांना खो-खोचे नियम पाठ असायचे.

त्या खेळाचं मला अजून नवल वाटतं. खो मागून द्यायचा, पाठीला हात लावायचा आणि त्याच क्षणी शब्दही उच्चारायचा. स्पर्श आधी आणि शब्द नंतर, असं चालत नाही. उठलेल्या गड्यानं एकदा दिशा धरली की खुंटाला वळसा घातल्याशिवाय मागे वळायचं नाही. आणि पळणाऱ्याला मात्र सगळ्या वाटा मोकळ्या. इतकी मोजकी बंधनं आणि त्यातून इतका वेग! मी वृत्तात लिहायला लागलो तेव्हा मला ते काही फार परकं वाटलं नाही.

लेझमीचंही असंच. १९८२ च्या नोव्हेंबरात दिल्लीला एशियाड झालं, त्याच्या उद्घाटनात सांगलीकडच्या मंडळींनी लेझीम केली. आमच्या गावातल्या मोजक्या टीव्हींपुढे अख्खं गाव बसलं होतं. त्यानंतर जिल्ह्यात लेझमीचं पीकच आलं. आमच्या सरांनी पंधरा ऑगस्टसाठी दोनशे मुलांची लेझीम बसवली. हलगी वाजवायला त्यांनी नववीतल्या एका मुलाला बोलावलं. तो दोनदा नापास झालेला, मागच्या बाकावरचा, बापाबरोबर वराती वाजवायला जाणारा. वर्गात त्याच्याशी बोलणारे थोडेच होते. पण हलगी थांबली की दोनशे पोरं थांबायची आणि ती चढली की दोनशे पोरांचे पाय चढायचे. तालमीच्या दिवसांत मुख्याध्यापकसुद्धा त्याला नावानं हाक मारू लागले. तो पुढे दहावी झाला की नाही मला आठवत नाही, बहुधा नाही. मला आठवते ती त्याची मान. मात्रा कशा मोजतात हे मराठीच्या सरांनी मला नंतर शिकवलं, पण आठाच्या ठेक्यात चौथ्यावर खाली वाकायचं आणि पाचव्यावर उठायचं हे त्या हलगीनं आधीच पायांत भरून ठेवलं होतं.

आता जरा नाजूक गोष्टीविषयी बोलतो. १९८३ चा रमजान जूनमध्ये आला होता. शाळा नुकत्याच उघडलेल्या, पाऊस लांबलेला. वर्गात आम्ही सहा-सात मुसलमान मुलं, त्यांत रोजे धरणारे चार. सरांनी वर्गात कुणालाही, ‘तुझा रोजा आहे का?’ असं विचारलं नाही. त्यांनी मराठीच्या सरांशी तास बदलून घेतला आणि शेवटचा तास महिनाभर पहिला केला. आमच्याकडे शिट्टी, घड्याळ आणि गुणपत्रक आलं. ईद झाली आणि तास पुन्हा शेवटी गेला. याची कुठे नोंद नाही, परिपत्रक निघालं नाही, भाषण झालं नाही. पुष्कळ दिवसांनी आमच्या लक्षात आलं की तास का बदलला होता.

सूर्यनमस्कारांचंही सांगतो. औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांचा प्रसार केला आणि ते आपल्याकडच्या शाळांत घरोघरच्या चहासारखे रुळले. आमच्या मोहल्ल्यातल्या एका-दोघांना ते खटकलं. अब्बांच्या कानावर आलं, म्हणून ते एक दिवस येऊन शाळेच्या कुंपणापाशी उभे राहिले. सर आकडे मोजत होते, एक ते दहा. मुलं वाकत होती, उठत होती. अब्बा गवंडीकाम करायचे, त्यांना शरीराचं कळत होतं. पंधरा मिनिटं बघून ते घरी आले आणि अम्मीला म्हणाले, “जोरच तो हैं.” विषय संपला. मी असं म्हणत नाही की हा प्रश्न सगळीकडे असाच सुटतो, किंवा सुटावा. आकडे मोजणाऱ्या सरांनी आणि कुंपणापाशी उभ्या राहिलेल्या बापानं दोघांनीही थोडा धीर धरला, एवढंच. आमच्या श्रीगोंद्यात शेख महंमदांची समाधी आहे. त्यांनी ‘योगसंग्राम’ लिहून काही शतकं झाली. तेव्हा ही चर्चा आमच्या तालुक्याला तशी नवी नाही.

मुलींची गोष्ट निराळी होती. आमच्या वेळेपर्यंत पी.टी.च्या तासाला मुली लिंबाऱ्याखाली बसायच्या. फार तर लंगडी. कारण एकच, कपडे. स्कर्ट घालून पाटीवर बसायचं कसं आणि सूर मारायचा कसा? सरांनी शाळेतल्या शिवणाच्या बाईंना मध्ये घेतलं. बाईंनी स्कर्टाच्या आतून घालायची गुडघ्याखालपर्यंतची विजार बेतून दिली. ज्यांना परवडेल त्यांनी कापड आणलं, बाकीच्यांचं बाईंनी कुठूनतरी जमवलं. माझी धाकटी बहीण तेव्हा सातवीत होती. ओढणी पाठीमागून घेऊन कमरेला गाठ मारायची, ही तिची स्वतःची युक्ती. पुढे वर्गातल्या हिंदू मुलींनीही ती उचलली. दोन वर्षांत शाळेचा मुलींचा खो-खोचा संघ तालुक्यात पहिला आला.

ती नववीत असताना तिच्यासाठी पैगाम आला. मुलगा ट्रक चालवणारा, घर बरं. अब्बांचा विचार जवळजवळ पक्का झाला होता. सर एका संध्याकाळी घरी आले, खाटेवर बसले, चहा प्यायले. शिक्षणाचं महत्त्व वगैरे त्यांनी काही सांगितलं नाही. ते म्हणाले, “शेखभाई, डिसेंबरात नगरला वाडिया पार्कवर जिल्ह्याच्या स्पर्धा आहेत. माझ्या संघात पहिल्या तुकडीत पळणारी ही एकच पोरगी आहे. तेवढ्या होऊ द्या. मग तुम्ही आणि ती.” अब्बा स्पर्धेपुरते थांबले. संघ दुसऱ्याच फेरीत हरला. पण डिसेंबर गेला तो गेला. मग वार्षिक परीक्षा आली, मग दहावी लागली, आणि दहावीत पोरगी शाळेतून काढायची तर लोक काय म्हणतील, असं आता अब्बाच म्हणू लागले. पैगामवाले थांबले नाहीत, त्यांनी दुसरीकडे जमवलं. बहीण दहावी पास झाली, तिनं पुढे अंगणवाडीत नोकरी धरली आणि लग्न चार वर्षांनी झालं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिलांच्या अंतिम सामन्यात प्रियंका इंगळेच्या संघानं नेपाळला हरवलं, तेव्हा तिचा मला फोन आला. सामन्याविषयी ती फार बोललीच नाही. विचारत होती, त्या पोरींच्या गुडघ्यांना पट्टे असतात ते कुठे मिळतात?

हे सगळं जुन्या आठवणी उगाळायला सांगत नाही. कवितावाचनाच्या निमित्तानं मी जिल्ह्यातल्या शाळांत जातो. पारनेर, कर्जत, पाथर्डी, नेवासे. मुख्याध्यापकांच्या खोलीत वेळापत्रक लावलेलं असतं. त्यात शा. शि. असतोच. मुलांना विचारलं, “काल शेवटचा तास कशाचा झाला?” तर ती एका सुरात सांगतात, “गणिताचा.” निवृत्त झालेल्या पी.टी.च्या सरांच्या जागी कुणी आलेलं नसतं. भूगोलाचे सर किंवा सगळ्यात तरुण असलेला शिक्षक शिट्टी गळ्यात अडकवतो. कुठे मैदानावर पेव्हर ब्लॉक आलेले असतात. ते पावसाळ्यात चिखल होत नाही म्हणून चांगले, आणि पडलं की गुडघा फुटतो म्हणून त्यावर पळायला बंदी!

कायद्याकडे बघावं तर तिथेही गंमत आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला खेळाचं मैदान हवं असं स्पष्ट लिहिलं आहे. प्रत्येक वर्गाला खेळाचं साहित्य हवं, असंही लिहिलं आहे. पण सहावी ते आठवीच्या वर्गांना शारीरिक शिक्षणासाठी कोण हवं? शंभरापेक्षा जास्त मुलं असतील तर ‘अंशकालीन निदेशक’. शरीर पूर्णवेळ आहे, शिक्षक अंशकालीन. युनेस्कोनं १९७८ मध्येच सनद काढून शारीरिक शिक्षण हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क म्हटलं होतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटं तरी अंगमेहनतीचं खेळावं-पळावं. म्हणजे आठवड्याला चारशे वीस मिनिटं. आपल्या वेळापत्रकातले पस्तीस मिनिटांचे दोन तास धरले, आणि ते खरंच झाले असं समजलं, तरी भरतात सत्तर.

कुणी म्हणेल, आपला जिल्हा खेळात मागे कुठे आहे? झहीर खान श्रीरामपूरचा. अजिंक्य रहाणेचं गाव संगमनेर तालुक्यातलं. २०२५ या एकाच वर्षी महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या दोनदा आपल्या जिल्ह्यात झाल्या, आधी नगरला वाडिया पार्कवर आणि मार्चमध्ये कर्जतला. हजारो माणसं बघायला लोटली. मलाही अभिमान आहे. पण झहीर क्रिकेटसाठी मुंबईला गेला आणि रहाणे डोंबिवलीत वाढला. जे गेले नाहीत, जाणार नाहीत, ज्यांना कुठलाही केसरी व्हायचं नाही, त्यांचं काय? बक्षीस समारंभाला पाहुणा म्हणून बोलावतात तेव्हा स्टेजवर बारा मुलं असतात आणि समोर सहाशे. मला नेहमी त्या सहाशेंचं वाटतं. खेळाडूंना दहावीला वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत २००५ पासून पाच टक्के आरक्षण आहे. ते असावंच. पण त्यामुळे शाळांचं सगळं लक्ष बारांवर गेलं आणि सम-विषम नंबरांचा तास मागे पडला, असं माझं मत आहे.

आणि मग जे शाळेत फुकट मिळायला हवं होतं ते पुढे विकत घ्यावं लागतं. पहाटे पाचला कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर जा. अंधारात पोरं पळत असतात, आता पोरीही. पोलीस भरतीला मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. चौकाचौकात भरती अकादमीचे फलक आहेत, वसतिगृहासह, जेवणासह. शेळ्या विकून फी भरलेले बाप मी पाहिले आहेत. यातल्या एका पोराशी मी किल्ल्याजवळच्या रस्त्यावर बोललो. वय एकोणीस. नडग्यांना फडकी बांधलेली. डांबरावर पळून पळून नडगी धरली होती. मी विचारलं, “शाळेत पळायचास का?” म्हणाला, “नाही काका, आमचं मैदान पार्किंगला होतं.” पळताना श्वास कसा घ्यायचा, थांबल्यावर लगेच बसायचं नाही, पाऊल कसं टाकायचं, हे त्याला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, महिन्याचे पैसे मोजून कुणीतरी प्रथमच सांगत होतं. आमच्या सरांनी हे आठवीच्या पहिल्या महिन्यात सांगून टाकलं होतं, आणि ज्याला कधीच कुठल्या भरतीला जायचं नव्हतं अशा मलाही सांगितलं होतं.

नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, विषय आणि विषयबाह्य असा भेद ठेवू नये असं म्हटलं आहे. वाचायला छान वाटतं. मात्र माझा अनुभव असा की भेद धोरणात नसतो, तो शेवटच्या तासाला वर्गाच्या दारात उभा असतो, हातात गणिताचं पुस्तक घेऊन. आणि खरं सांगायचं तर त्या गणिताच्या सरांनाही दोष देता येत नाही. दहावीच्या निकालाची टक्केवारी त्यांना विचारतात. पोरं किती पळाली हे कुणीच विचारत नाही, आपण पालकही नाही. पालक सभेत मी पंधरा-वीस वर्षं बसलो. मैदानाविषयी प्रश्न आला तो एकदाच, तोही तिथे लग्नाचा मांडव टाकायला परवानगी मिळेल का, एवढाच!

आमच्या शाळेतली पी.टी.ची जागा रिकामी झाली त्याला आता काही वर्षं झाली. माजी विद्यार्थ्यांनी अर्ज दिले, उत्तर आलं, विचाराधीन आहे. गेल्या वर्षी आमच्यातला एक जण सैन्यातून निवृत्त होऊन गावी आला. विषम नंबरातला. त्यानं लिहून दिलं की आठवड्यातले तीन दिवस सकाळी साडेसात ते साडेआठ तो मानधनाशिवाय येईल, फक्त सगळी मुलं आणि सगळ्या मुली मैदानावर पाहिजेत, निवडक नकोत. शाळेनं सहामाहीपुरती परवानगी दिली आहे, दिवाळीनंतर बघू म्हणाले. पहिल्या आठवड्यात ऐंशी मुलं आली, आता दोनशेच्या वर येतात. शिवणाच्या बाई आता नाहीत, पण मुलींच्या गणवेशाला सलवार आहे, तो प्रश्न राहिला नाही. लेझमी माळ्यावर होत्या, त्यांतल्या निम्म्यांच्या साखळ्या गंजल्या होत्या. लोहाराकडे दिल्या आहेत. फक्कीच्या दोन गोण्या आम्ही वर्गणी काढून आणून ठेवल्या. बारीक रेषा मारली तर मार्चपर्यंत जातील.